परक्यांची कवायत, आपली जबान

दरवर्षी २६ जानेवारी जवळ आली की आमच्या शाळेच्या मैदानावर कवायतीचा सराव सुरू होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. वर्गात गणितापासून भूगोलापर्यंत सगळे उर्दूत चालते, पण मैदानात उतरलो की हुकूम सुटतात ते 'सावधान' आणि 'विश्राम' असेच. एकदा सातवीतल्या एका मुलाने रांगेत उभ्या उभ्याच विचारले, "टिपू सुलतानच्या फौजेत सावधान कुठल्या जबानीत म्हणायचे?" रांग हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्याजवळ नव्हते. शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्याने ते शोधून आणावे, असे बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले होते. ते उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, त्याचा हा लेख झाला.

आपल्याकडे टिपू सुलतानच्या दोन तसबिरी आहेत. एक आपल्या घरांतली, हातात तलवार आणि मागे वाघ. दुसरी त्याच्या विरोधकांनी रंगवलेली, नुसत्या जुलमाची. कुर्गमध्ये आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत त्याने जे केले ते इतिहासात नोंदलेले आहे. शृंगेरीच्या मठाला त्याने लिहिलेली कन्नड पत्रेही इतिहासातच आहेत. टिपूवर लिहिणाऱ्याने यांतले काही झाकू नये, असे आम्हाला वाटते. पण या दोन्ही तसबिरींत एक गोष्ट सारखीच राहून जाते. दोन्हींतला टिपू जन्मतःच तयार आहे, त्याला काही शिकावे लागलेले नाही. आम्हाला कागदपत्रांत भेटला तो तिसरा टिपू, परक्यांचे पाहून शिकणारा, शिकलेले लिहून काढणारा आणि कधी कधी चुकीचा धडा घेणारा विद्यार्थी. त्याच्या लष्करी विचारावर बाहेरचे काय काय परिणाम झाले आणि त्यांचे त्याने काय केले, एवढ्यापुरतेच आम्ही इथे बोलणार आहोत.

खंदकाची गोष्ट

परक्यांची युद्धरीत घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. हिजरी सन ५ मध्ये मोठे सैन्य मदिनेवर चालून येत होते. तेव्हा शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणावा, ही सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी केली. ही रीत इराणची होती, अरबांना ती अपरिचित होती. पैगंबरसाहेबांनी (स.) ती स्वीकारली आणि स्वतः माती उपसायला उतरले. 'खंदक' हा शब्दसुद्धा मूळ इराणचाच. वस्तू आली तिच्याबरोबर शब्द आला, तो अरबीत रुजला आणि पुढे आपल्या मराठीतही आला. टिपूच्या काळच्या कुठल्याही मौलवीला ही गोष्ट माहीत होती. म्हणून परक्यांकडून घेण्यात काही गैर आहे, अशी शंका टिपूला पडल्याचे दिसत नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न होता तो घ्यायचे कसे आणि कोणाच्या भरवशावर, हा.

वालिदांनी पाहिलेले

या शिक्षणाची सुरुवात टिपूपासून नव्हे, त्याच्या वालिदांपासून झाली. १७४६ साली मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी काही शे फ्रेंच आणि त्यांनी शिकवलेले देशी शिपाई यांनी अर्काटच्या नवाबाची कित्येक पटींनी मोठी फौज उधळून लावली. दक्षिणेतल्या सगळ्या दरबारांना या लढाईने हादरा दिला. पुढच्या काही वर्षांत हैदरअली म्हैसूरच्या फौजेतला एक नायक म्हणून कर्नाटकातल्या लढायांत फिरत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण नजर तीक्ष्ण होती. फ्रेंचांचे शिपाई कसे उभे राहतात, कसे वळतात, हे त्याने जवळून पाहिले. मग फ्रेंच तोफची आणि फौज सोडून आलेले गोरे शिपाई तो पदरी ठेवू लागला.

फ्रेंचांचे गुपित काय होते? बंदुका आपल्याकडेही होत्या. पण तेव्हाची बंदूक ठासणीची. दारूची पुडी दातांनी फोडायची, दारू नळीत ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मग नेम धरायचा. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन किंवा तीन बार काढी, आणि नेम लागे तो शंभरेक पावलांपर्यंतच. असा शिपाई एकटा असेल तर घोडेस्वार त्याला दुसरा बार भरण्याआधीच गाठणार. पण तेच शिपाई रांगा करून उभे राहिले, एका तुकडीचा बार सुटेपर्यंत दुसरी भरून तयार राहिली आणि शेवटी बंदुकीला संगीन लावून सगळे एकदम पुढे सरले, तर त्या भिंतीवर घोडदळ फुटते. म्हणजे गुपित बंदुकीत नव्हते, रांगेत होते. ही रांग रोजच्या सरावाने, एका हुकमावर शंभर पाय एकदम उचलण्याने उभी राहते. युरोपात शंभर-दीडशे वर्षे विचार आणि प्रयोग करून ही विद्या तयार झाली होती.

हीच विद्या आपल्या मराठी मुलखातही त्याच वाटेने आली. इब्राहिमखान गारदी हे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला हा सरदार निजामाकडून पेशव्यांकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याच्या शिकवलेल्या पलटणींनी शेवटपर्यंत तोंड दिले. 'गारदी' हा शब्द 'गार्ड' या अर्थाच्या युरोपी शब्दावरून आलेला. 'पलटण'ही तिकडचीच. 'कवायत' अरबी, 'तोफ' तुर्की, 'संगीन' फारसी. मराठी माणसाच्या तोंडातले लष्करी शब्द एकेक करून तपासले तर चार-पाच मुलखांचे पाहुणे एका पंगतीत बसलेले दिसतात, आणि आता त्यांतला कोणीच पाहुणा वाटत नाही.

मंगळूरचा धडा

टिपूचा जन्म १७५० चा. हैदरने स्वतःला न मिळालेली तालीम मुलाला दिली. फारसी, अरबी, कन्नड यांबरोबर युद्धकला शिकवायला गाझीखान नावाचा अनुभवी सरदार उस्ताद म्हणून नेमला. वयाच्या सतराव्या वर्षी टिपू घोडदळ घेऊन मद्रासच्या वेशीपर्यंत धडकून आला होता. घोडदळाची ही झडप ही त्याच्या घरची विद्या. १० सप्टेंबर १७८० ला पोलिलूरच्या मैदानावर ही घरची विद्या आणि परकी विद्या एकत्र आल्या. कर्नल बेलीची फौज म्हैसूरच्या घोडदळाने वेढली, बाणांनी आणि तोफांनी तिच्या दारूच्या गाड्या पेटल्या आणि ती फौज पुरती बुडाली. हैदरच्या पदरी लाली नावाचा फ्रेंच अधिकारी आपल्या तुकडीसह या लढाईत होता. पाँडिचेरीचा प्रसिद्ध काउंट लाली तो हा नव्हे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतल्या भिंतीवर ही लढाई रंगवलेली आहे. तिथे पालखीतला बेली दिसतो आणि फ्रेंच लालीही दिसतो. आपल्या विजयाच्या चित्रात परक्या शिक्षकाला जागा देणारा हा दरबार होता.

पण तीन वर्षांतच दुसरा धडा मिळाला. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला. १७८३ मध्ये टिपू मंगळूरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि त्याच्या मदतीला फ्रेंच तुकडी होती. ऐन भरात युरोपातून बातमी आली की फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात तह झाला आहे. फ्रेंचांनी बंदुका खाली ठेवल्या. वेढा त्यांचा नव्हता, तह मात्र त्यांचा होता. टिपूच्या संतापाला सीमा राहिली नाही. किल्ला पुढे त्याने घेतला आणि ११ मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहात इंग्रजांना बरोबरीने बसवले. पण परक्याची फौज परक्याच्या राजधानीतून आलेल्या कागदावर थांबते, हे तो तिथे शिकला.

या अनुभवाचे दोन अर्थ निघत होते. एक, परक्यांची माणसे ठेवण्यापेक्षा त्यांची विद्याच आपल्या माणसांत उतरवावी. दुसरा, यापुढे जास्त पक्का मित्र शोधावा. टिपूने दोन्ही अर्थ घेतले. आमच्या मते त्याचे यश पहिल्यातून आले आणि त्याचा घात दुसऱ्यातून झाला.

फतहुल मुजाहिदीन

पहिल्या वाटेवरचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'फतहुल मुजाहिदीन' हा फारसी ग्रंथ. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. टिपूच्या घराण्याचा इतिहासकार मीर हुसेन अली किरमाणी सांगतो की म्हैसूरच्या फौजेतले कवायतीचे नियम आणि हुकूम आधी फ्रेंच आणि इंग्रजीत होते. ते बदलून फारसी आणि तुर्कीत आणले गेले. हे काम टिपूच्या सांगण्यावरून झैनुल आबिदीन शुस्तरी याने केले. त्याचे घराणे इराणातल्या शुस्तर गावचे. म्हणजे फ्रेंच कवायत एका इराणी वंशाच्या विद्वानाने दख्खनच्या शिपायांसाठी फारसीत आणली. अठराव्या शतकात ज्ञान कसे प्रवास करीत होते, याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला ठाऊक नाही.

या ग्रंथात शिपायाने बंदूक कशी भरावी, रांग कशी वळवावी, कूच कशी करावी, बाणदारांचे काम काय, हे सांगितले आहे. त्याच्या नकला करून सरदारांना वाटल्या होत्या. फौजेची मांडणीही नव्या नावांनी ठरवली गेली. मोठ्या तुकडीला 'कुशून' म्हणायचे, तिचा प्रमुख सिपहदार. तिच्या पोटात 'रिसाले', त्यांचे रिसालदार. त्याखाली 'जौक', त्यांचे जौकदार. फ्रेंच रेजिमेंट आणि कंपनी यांचाच हा सांगाडा, पण अंगावरचे कपडे तुर्की-फारसी. 'कुशून' हा शब्द मध्य आशियाई फौजांतून इराणमार्गे आलेला. ज्या शिपायाला फ्रेंच शब्द उच्चारतासुद्धा येत नसे, त्याच्या कानावर आता दरबाराच्या ओळखीची भाषा पडू लागली.

या ग्रंथाचा दुसरा भाग धार्मिक आहे. जिहादचे मसले, शिपायाचे कर्तव्य, पळून जाण्याचे पाप, हे त्यात येते. पुष्कळांनी यावरून टिपूला केवळ धर्मवेडा ठरवले, तर काहींनी याच भागाचा गौरव केला. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर यात एक वेगळी गोष्ट दिसते. युरोपातली रांग शिस्तीच्या भीतीवर उभी होती, शिपाई हलला तर फटके बसत. टिपू आणि शुस्तरी यांना कळले असावे की हात-पायांची कवायत आयात करता येते, पण माणूस गोळीसमोर का उभा राहतो त्याचे कारण आयात होत नाही. ते आपल्या माणसांच्या मनातूनच काढावे लागते. मात्र इथे एक अडचणही होती आणि ती लपवू नये. टिपूच्या फौजेत हिंदू शिपाई आणि सरदार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी या कारणात जागा कुठे होती, या प्रश्नाला हा ग्रंथ उत्तर देत नाही.

भाषेचीही तीच गोष्ट. शिपाई घरी बोलत ते दख्खनी, कन्नड, तेलुगू, तमिळ. फारसी ही दफ्तराची आणि दरबाराची भाषा. हुकूम फ्रेंचातून फारसीत आला, पण दख्खनीत किंवा कन्नडात उतरला नाही. भाषांतर अर्ध्या वाटेवर थांबले, असे आम्हाला वाटते.

उलटी वाट : म्हैसूरचे बाण

परक्यांकडून शिकणारा नुसता घेतच असतो असे नाही. बाण, म्हणजे आजच्या भाषेत रॉकेट, ही हिंदुस्थानात जुनी गोष्ट. मराठी बखरींतही लढाईत बाण सुटतात. म्हैसूरवाल्यांनी त्याची नळी लोखंडाची केली. लोखंडी नळीत दारू जास्त घट्ट भरता येते, जास्त दाब सोसला जातो आणि बाण लांब जातो. टिपूने या हुनराला शिस्त दिली, बाणदारांच्या तुकड्या कुशुनांना जोडून दिल्या आणि बाणाला 'शहाब', म्हणजे उल्का, असे नावही दिले. श्रीरंगपट्टण, बेंगळूर, चित्रदुर्ग, बिदनूर इथे त्याचे कारखाने होते. बेंगळुरात तारामंडलपेठ हे नाव त्यांची आठवण ठेवून आहे.

५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणाजवळच्या सुलतानपेठेच्या झाडीत बाणांच्या आणि बंदुकांच्या माऱ्याने आर्थर वेलस्लीची तुकडी अंधारात पांगली होती. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. लढाई संपल्यावर हे बाण इंग्लंडला गेले. तिथे विल्यम काँग्रीव्हने त्यांचा अभ्यास करून नवे रॉकेट बनवले आणि १८०७ साली कोपनहेगनवर इंग्रजांनी ते सोडले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम १९६३ साली अमेरिकेत वॉलॉप्स इथल्या अवकाश केंद्रात गेले, तेव्हा तिथे टिपूच्या फौजेच्या रॉकेटयुद्धाचे चित्र लावलेले त्यांनी पाहिले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते नोंदवले आहे. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यात नगर इथल्या, म्हणजे टिपूच्या बिदनूरच्या, एका कोरड्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले.

काँग्रीव्हने घेतले ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. त्याने म्हैसूरचे बाणदार नोकरीला ठेवले नाहीत. त्याने बाण उघडून पाहिला, मोजला, प्रयोग केले आणि आपल्या कारखान्यात आपल्या कारागिरांकडून नवा बनवला.

इस्तंबूल आणि व्हर्साय

टिपूचा दुसरा मार्ग वकिलातींचा. १७८६ साली त्याचे वकील गुलाम अलीखानाच्या नेतृत्वाखाली जहाजांनी निघाले आणि मस्कत, बसरा करीत पुढच्या वर्षी इस्तंबूलला पोचले. उस्मानी सुलतानाकडून बादशाहीला मान्यता, व्यापाराच्या सवलती आणि लष्करी मदत हे हेतू होतेच, पण बरोबर कारागिरांचीही मागणी होती. बंदुका, काच, घड्याळे बनवणारे हुनरमंद त्याला हवे होते. पण उस्मानी दरबार त्याच वर्षी रशियाशी युद्धात अडकला. त्याला इंग्रजांना दुखवायचे नव्हते. मानाची खिलत मिळाली, फौज मिळाली नाही. समुद्राने आणि रोगराईने वकिलातीतली बहुतेक माणसे वाटेतच संपवली.

दुसरी वकिलात पाँडिचेरीहून १७८७ मध्ये निघाली. महंमद दरवेशखान, अकबर अलीखान आणि महंमद उस्मानखान जून १७८८ मध्ये तूलाँ बंदरात उतरले आणि ऑगस्टमध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईच्या दरबारात त्यांची भेट झाली. पॅरिसमध्ये त्यांना पाहायला गर्दी लोटली. व्हिजे ल ब्रून या नामवंत चित्रकर्तीने दरवेशखानाचे चित्र काढले. फ्रान्सचा खजिना तेव्हा रिकामा होता आणि वर्षभरातच तिथे क्रांती होणार होती. लुईने लष्करी करार नाकारला, काही कारागीर मात्र दिले. वकिलांनी रोपे आणि बियाणीही मागितली होती. राजदूत परत आले ते फौजेशिवाय, हुनरमंदांसह.

टिपूला ही वकिलात फसली असे वाटले. आज मागे वळून पाहताना वाटते की जे आले तेच खरे मोलाचे होते. त्याच्या कारखान्यांतल्या बंदुका आजही संग्रहालयांत दिसतात. त्यांवर वाघाच्या पट्ट्यांची खूण आणि त्याने सुरू केलेला मौलूदी सन कोरलेला आहे. त्याच्या ग्रंथालयात सुमारे दोन हजार हस्तलिखिते होती. चार्ल्स स्ट्यूअर्टने १८०९ साली त्यांची यादी छापली. यांतली पुष्कळ पुस्तके जिंकलेल्या दरबारांतून आणलेली होती हेही खरे, पण काही त्याने मुद्दाम लिहवून घेतलेली होती.

कुठे चुकले

१७९० ते १७९२ च्या युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे एक झाले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसच्या जोडीला होत्या. मार्च १७९२ च्या तहात टिपूचे निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन मुले ओलीस गेली. काही इतिहासकार दाखवून देतात की पायदळ आणि किल्ले यांच्यावर भर देताना टिपूने हैदरच्या चपळ घोडदळाकडे लक्ष कमी केले. परक्यांचे नवे शिकताना घरचे जुने विसरले गेले. मुलखावर पसरून शत्रूची रसद तोडणारे घोडदळ हेच म्हैसूरचे असे शस्त्र होते ज्याला इंग्रजांकडे तोड नव्हती.

या पराभवानंतर टिपू पुन्हा मित्राच्या शोधाला लागला. १७९७ मध्ये मॉरिशसहून आलेल्या रिपो नावाच्या फ्रेंच खलाशाने मोठमोठी आश्वासने दिली. टिपूने मॉरिशसला गुपचूप वकील पाठवले. तिथला गव्हर्नर मालार्तिक याने ३० जानेवारी १७९८ ला चक्क जाहीरनामा काढला आणि टिपूसाठी स्वयंसेवक हवेत असे सांगितले. गुपित जगजाहीर झाले. आले किती? शंभराच्या आसपास माणसे. पण गव्हर्नर जनरल वेलस्लीला युद्धाला निमित्त हवे होते, ते या कागदाने मिळाले.

मग टिपूचे दोन्ही आधार एकमेकांवरच उठले. जुलै १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. इजिप्त उस्मानी मुलूख. त्या सप्टेंबरात सुलतान सलीम तिसरा याने टिपूला पत्र लिहिले की फ्रेंचांचा नाद सोडा, ते इस्लामी मुलखावर चालून आले आहेत. हे पत्र इंग्रजांच्याच हातून टिपूला पोचले. जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियनने कैरोहून लिहिलेले पत्र मात्र वाटेत इंग्रजांच्या हाती लागले, टिपूला ते मिळालेच नाही. एकाकडून खलिफा म्हणून आशीर्वाद आणि दुसऱ्याकडून तोफा, असा जो हिशेब त्याने मांडला होता, तो नाईल नदीच्या काठी मोडला.

हा सलीमही टिपूसारखाच विद्यार्थी होता. त्यानेही फ्रेंच अधिकारी बोलावून 'निझाम-ए-जदीद' नावाची नवी फौज उभारली. १८०७ मध्ये त्याच्याच जुन्या जानिसारी शिपायांनी त्याला तख्तावरून काढले आणि पुढच्या वर्षी तो मारला गेला. आपल्या शिंद्यांचे उदाहरण तर घरचे. महादजींनी द बॉइन्यला ठेवून उत्तम पलटणी तयार करवल्या. पण १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच शिंद्यांचे कित्येक गोरे अधिकारी नोकरी सोडून इंग्रजांकडे गेले. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईवर शिपाई शर्थीने लढले, पण त्यांना हुकूम देणारी विद्या त्यांच्या स्वतःच्या माणसांत पुरती उतरलेली नव्हती.

४ मे १७९९ च्या दुपारी श्रीरंगपट्टणाच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले आणि टिपू लढता लढता शहीद झाला. इंग्रजांबरोबर आलेल्या निजामाच्या फौजेचा मुख्य होता मीर आलम. 'फतहुल मुजाहिदीन' लिहिणाऱ्या झैनुल आबिदीन शुस्तरीचा हा सख्खा भाऊ. एका भावाने किल्ल्यातल्या शिपायांना कवायत लिहून दिली, दुसरा किल्ल्याबाहेर उभा होता. या दोन भावांची गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

शेवटी

आमच्या मुलाला आम्ही उत्तर दिले : आधी फ्रेंच आणि इंग्रजीत, मग फारसी आणि तुर्कीत. त्याने लगेच पुढचा प्रश्न केला, "मग शिपायांना फारसी कळायची का?" हा प्रश्न आम्हाला पहिल्यापेक्षा मोठा वाटला, कारण तो आमच्याच शाळेचा प्रश्न आहे. आमची मुले घरी एक बोलतात, वर्गात उर्दू वाचतात, बाजारात आणि कचेरीत मराठीशिवाय चालत नाही, आणि विज्ञानाचे दार पुढे इंग्रजीत उघडते. कोणी म्हणतात उर्दू सोडा, कोणी म्हणतात बाकीचे सोडा. टिपूच्या गोष्टीतून आम्हाला यांपैकी एकही सल्ला मिळत नाही. मिळते ते एवढेच, की विद्या कुठूनही घ्यावी, फ्रेंचांकडून घ्यावी, इराण्यांकडून घ्यावी, पण ती शेवटच्या रांगेतल्या शिपायाच्या जबानीपर्यंत आणि हातापर्यंत पोचवावी. जिथे ती पोचली, तिथे लोखंडी नळीचे बाण झाले आणि ते बघायला शत्रूला आपल्या दारी यावे लागले. जिथे ती न पोचता नुसती परक्या फौजेची वाट पाहिली गेली, तिथे मॉरिशसहून शंभर माणसे आली.

हा लेख आम्ही मराठीत लिहिला, त्याचे कारणही हेच. टिपूची गोष्ट उर्दूत पुष्कळ सांगितली जाते. ती शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही कळावी, त्यांनीही प्रश्न विचारावेत, असे वाटते. या वर्षीही जानेवारीत मैदानावर रांग उभी राहील. तो मुलगा आता हायस्कुलात गेला आहे. त्याच्या जागी दुसरा कोणी हात वर करील, अशी आम्हाला आशा आहे.